डिझाइन पाहायचे तर कुठे जावे : हार्वर्ड, रिझडी की येल?

बॉस्टनला लागून असलेले केम्ब्रिज आणि तेथून न्यूयॉर्ककडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरील प्रॉव्हिडन्स व न्यू हेवन या तीन ठिकाणी विद्यापीठांची मोठी कलासंग्रहालये आहेत. तिन्ही ठिकाणी फर्निचर, वस्त्रे, भांडी, मुद्रणकला आणि वास्तुकला यांवरील प्रदर्शने भरतात. वास्तुकला किंवा डिझाइन शिकण्यासाठी अमेरिकेत आलेल्या मराठी विद्यार्थ्याला, किंवा मुलांकडे उन्हाळ्यात राहायला आलेल्या आणि एखादा मोकळा दिवस हाताशी असलेल्या पालकांना, यांपैकी एकाचीच निवड करायची असेल तर ती कशाच्या आधारे करावी, एवढ्यापुरता हा आढावा आहे. यांपैकी र्‍होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइन, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली ‘रिझडी’, ही विद्यापीठ नसून कला-डिझाइनचे महाविद्यालय आहे. पण तिला वगळून केलेली तुलना अपुरी ठरेल.

बहुतेक जण संकेतस्थळावर चालू प्रदर्शनाचे नाव वाचून बेत ठरवतात, आणि माझ्या मते तेथेच निवड फसते. विद्यापीठाच्या संग्रहालयातील तात्पुरते प्रदर्शन पुष्कळदा एकदोन दालनांपुरते असते. एखाद्या प्राध्यापकाच्या संशोधनातून किंवा त्या सत्राच्या अभ्यासक्रमातून ते आकाराला आलेले असते, आणि ते पाहायला तासभर पुरतो. याउलट संग्रहाचा फार मोठा भाग कपाटांत आणि खणांत असतो व तो वर्गांसाठी बाहेर काढला जातो. शहरातील मोठ्या संग्रहालयांत बाहेरच्या माणसाला हा भाग सहसा दिसत नाही, मात्र या तिन्ही ठिकाणी आधी वेळ मागून घेतल्यास त्याचा काही अंश पाहता येतो. त्यामुळे निवड करताना भिंतीवर काय लावले आहे यापेक्षा कोणता खण आपल्यासाठी उघडला जाईल, हे आधी पाहावे.

हार्वर्डचे नाव मोठे असल्यामुळे पहिला विचार त्याचाच होतो. तेथील फॉग, बुश-राइझिंगर आणि सॅकलर ही तीन संग्रहालये २०१४ पासून वास्तुविशारद रेन्झो पियानो यांनी नव्याने रचलेल्या एकाच इमारतीत आहेत आणि २०२३ पासून तेथे सर्वांना विनामूल्य प्रवेश आहे. डिझाइनच्या दृष्टीने महत्त्वाचे ते बुश-राइझिंगर. बाउहाउस या जर्मन कला-डिझाइन शाळेचे संस्थापक वॉल्टर ग्रोपिअस १९३७ मध्ये हार्वर्डला वास्तुकला शिकवायला आले आणि त्यांच्यामागोमाग त्या शाळेशी संबंधित साहित्यही येत गेले. आज तेथे बाउहाउसशी निगडित अशा ३० हजारांहून अधिक वस्तू आहेत, आणि शाळेच्या शताब्दीनिमित्त २०१९ मध्ये ‘बाउहाउस आणि हार्वर्ड’ या विषयावर त्यांतूनच मोठे प्रदर्शन भरले होते. सिंधुदुर्गातील आचऱ्याचे अच्युत कानविंदे मुंबईच्या जे. जे. मधून १९४० च्या दशकात हार्वर्डला गेले ते ग्रोपिअस यांच्याच हाताखाली शिकायला; पुढे त्यांनी अहमदाबादची ‘अटिरा’ ही वस्त्रसंशोधन संस्था आणि आयआयटी कानपूर यांच्या इमारती केल्या. भारतातील आधुनिक वास्तुकलेची एक धार कुठून आली याची उत्सुकता असणाऱ्याला हार्वर्डमध्ये तिचा उगम कागदोपत्री तपासता येतो.

‘कागदोपत्री’ हेच येथे महत्त्वाचे आहे, कारण तीस हजारांच्या या आकड्यात रेखाटने, आराखडे, छायाचित्रे आणि निगेटिव्ह यांचा वाटा फार मोठा आहे. वाकवलेल्या नळीच्या खुर्च्या आणि काचेचे दिवे दालनभर मांडलेले असतील या अपेक्षेने जाणाऱ्याची थोडी निराशा होते. वस्तू म्हणून तेथे थांबायचे ते बाउहाउसमध्ये शिकवलेले कलावंत लास्लो मोहोली-नागी यांच्या १९३० मधील ‘लाइट प्रॉप’पाशी. सच्छिद्र पत्रे, धातूच्या तबकड्या, सळ्या आणि काच यांचे हे यंत्र विजेच्या मोटरवर सावकाश फिरते आणि भोवतालच्या भिंतींवर सावल्यांची जाळी सरकत राहते. यंत्र जुने व नाजूक असल्यामुळे ते ठरावीक वेळीच चालवले जाते. ती वेळ आधी विचारून घ्यावी, कारण बंद स्थितीतील ते यंत्र पाहणे म्हणजे नुसता सांगाडा पाहणे.

चौथ्या मजल्यावर काचेपलीकडे फोर्ब्स रंगद्रव्यसंग्रह दिसतो. १९०९ ते १९४४ या काळात फॉगचे संचालक असलेल्या एडवर्ड फोर्ब्स यांनी सुरू केलेल्या या संग्रहात आज अडीच हजारांहून अधिक नमुने बाटल्यांतून लावलेले आहेत. त्यांत ‘इंडियन यलो’ही आहे. बिहारमधील मुंगेरजवळ आंब्याची पाने खायला घालून पाळलेल्या गाईंच्या मूत्रापासून हा पिवळा रंग करत असल्याचे त्रैलोक्यनाथ मुखर्जी यांनी १८८३ मध्ये लिहून ठेवले आहे, आणि त्या हकिकतीवरचे वाद अजून शमलेले नाहीत. त्याच मजल्यावरच्या अभ्यासकेंद्रात वेळ ठरवून, नावानिशी मागितलेली चित्रे आणि रेखाटने टेबलावर पाहता येतात. शेजारचे कार्पेंटर सेंटर ही चंदीगडचे रचनाकार ल कार्बुझिए यांची अमेरिकेतील एकमेव इमारत आहे. ते शहर पाहिलेल्या माणसाला तिची ओळख करून द्यावी लागत नाही.

रिझडीचे म्हणाल तर तिचा जन्मच डिझाइनसाठी झाला. १८७६ च्या फिलाडेल्फिया येथील शताब्दी प्रदर्शनासाठी र्‍होड आयलंडच्या महिलांच्या समितीने जमवलेल्या निधीतून १,६७५ डॉलर उरले. त्यांतून बागेत कारंजे बांधावे असा एक प्रस्ताव होता. तो मागे पडला आणि १८७७ मध्ये शाळा व संग्रहालय यांची एकत्रच स्थापना झाली. या संग्रहालयातील सुमारे एक लाख वस्तूंचा मूळ उद्देश विद्यार्थ्याला नमुना मिळावा हाच राहिला आहे, आणि त्याचा परिणाम मांडणीत दिसतो : कारागिरी कळावी म्हणून ठेवलेली वस्तू आणि मौल्यवान म्हणून ठेवलेली वस्तू यांच्यात येथे फारशी प्रतवारी नाही.

विद्यापीठीय संग्रहालयात डिझाइनचे प्रदर्शन कसे असू शकते याचे, माझ्या मते, सर्वांत धीट उदाहरणही येथलेच आहे. साठवणीतील वस्तूंतून हवे ते निवडण्याची मुभा अमेरिकी पॉप-आर्ट चित्रकार अँडी वॉरहॉल यांना देण्यात आली, तेव्हा त्यांनी उत्तम नमुने वेचण्याऐवजी जुन्या पादत्राणांचा अख्खा संग्रह कपाटासकट बाहेर काढायला लावला; छत्र्या आणि खुर्च्या आणल्या, आणि चित्रे तळघरात होती तशीच भिंतीला टेकवून ठेवली. १९६९ मध्ये ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात हे प्रदर्शन प्रथम भरले आणि १९७० मध्ये प्रॉव्हिडन्सला आले. ‘रेड द आइसबॉक्स’ (शीतपेटीवर धाड) हे त्याचे नाव रिझडीने पन्नास वर्षांनी, २०१९ मध्ये, नव्या कलावंतांना साठवण खुली करताना पुन्हा वापरले.

आज रिझडीला जायचे सर्वांत मोठे कारण म्हणजे वस्त्रे. पोशाख आणि कापड यांच्या विभागात सुमारे ३० हजार नग आहेत आणि २०१४ मध्ये उघडलेले डोंगिया दालन व अभ्यासकेंद्र त्यांच्यासाठीच आहे. जुने कापड प्रकाशाने विरते. त्यामुळे ते साधारण ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) मंद उजेडात आणि काही महिन्यांपुरतेच बाहेर ठेवण्याची जगभर रीत आहे. म्हणजे आज पाहिलेला नग वर्षभराने तेथे असेलच असे नाही. अभ्यासकेंद्रात मात्र, विषय सांगून वेळ घेतली तर, कापड टेबलावर सपाट पसरलेले पाहता येते. पैठणीचा पदर उलटून विणकाम पारखण्याची सवय असलेल्या माणसाला काचेआडच्या दहा पोशाखांपेक्षा असा एक तुकडा अधिक काही देऊन जातो, फक्त येथे उलटण्याचे काम कर्मचारी करतात. जुन्या अमेरिकी फर्निचरसाठी १९०६ चे पेंडल्टन हाउस याच संकुलात आहे. रिझडीला तिकीट पडते. विनामूल्य प्रवेशाच्या वेळा ठरलेल्या असतात, पण त्या बदलतात.

येलविषयी थोडक्यात सांगता येईल. १८३२ मध्ये स्थापन झालेले हे संग्रहालय अमेरिकेतील विद्यापीठीय कलासंग्रहालयांत सर्वांत जुने आहे आणि प्रवेश विनामूल्य आहे; पण तेथील सर्वांत मोठी डिझाइनवस्तू म्हणजे त्याची १९५३ ची इमारत. वास्तुविशारद लुई कान यांचे हे पहिले महत्त्वाचे काम. काँक्रीटच्या त्रिकोणी जाळीचे छत आणि गोल दंडगोलात बसवलेला त्रिकोणी जिना पाहून रस्त्यापलीकडे गेले की त्यांची शेवटची इमारत, १९७७ मध्ये उघडलेले ब्रिटिश कलाकेंद्र, समोर उभी राहते. ती पुरी झालेली पाहायला कान नव्हते; १९७४ मध्ये अहमदाबादहून, आयआयएमच्या कामावरून, परतताना न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनवर त्यांचे निधन झाले होते. एका वास्तुविशारदाचा आरंभ आणि शेवट एवढ्या जवळ क्वचितच पाहायला मिळतो. फर्निचरच्या अभ्यासकासाठी येलकडे आणखी एक ठेवा आहे : सुमारे १,३०० अमेरिकी फर्निचरवस्तू ह्यूम अभ्यासकेंद्रात प्रकारानुसार रांगेने मांडलेल्या आहेत, जेणेकरून एकाच घडणीच्या खुर्च्यांतील फरक शेजारी शेजारी तपासता यावेत. हे केंद्र गावाबाहेर वेस्ट कॅम्पसवर असल्याने आधी नाव नोंदवावे लागते आणि अर्धा दिवस वेगळा काढावा लागतो.

तेव्हा वस्त्र, फॅशन किंवा हस्तकला हा विषय असणाऱ्याने मनात दुसरा विचार न आणता रिझडी निवडावी. बॉस्टनहून लोकल गाडीने प्रॉव्हिडन्स तासाभरावर आहे. डिझाइनचा इतिहास, अध्यापन किंवा ग्राफिक्स यांवर काम करणाऱ्याला हार्वर्ड उपयोगी, मात्र अभ्यासकेंद्राची वेळ न घेता गेल्यास ते एक चांगले सामान्य कलासंग्रहालय एवढेच ठरते. वास्तुकलेच्या विद्यार्थ्याने न्यूयॉर्कहून दोन तासांच्या गाडीने न्यू हेवन गाठावे. डिझाइनशी फारसा संबंध नसलेल्या, पण काहीतरी चांगले पाहू इच्छिणाऱ्या पालकांना मी हार्वर्डलाच नेईन, कारण रंगद्रव्यांच्या बाटल्या आणि फिरते यंत्र यांसाठी विषयाची कसलीही पूर्वमाहिती लागत नाही. अभ्यासकेंद्राची वेळ काही आठवडे आधी मागावी, सत्राच्या ऐन मध्यावर ती मिळणे कठीण जाते हे गृहीत धरावे, आणि सोमवारचा बेत करू नये. त्या दिवशी तिन्ही संग्रहालये बंद असतात.