एनएईवायसी ॲक्रेडिटेशनची तयारी: काही महिन्यांच्या सेल्फ-स्टडीनंतर

अमेरिकेत प्रीस्कूल चालवणाऱ्या किंवा तिथे शिकवणाऱ्यांसाठी हे लिहितोय. राज्याचं लायसन्स सक्तीचं असतं, एनएईवायसी या लहान मुलांच्या शिक्षणासाठीच्या अमेरिकन संघटनेचं ॲक्रेडिटेशन, म्हणजे गुणवत्तेची मान्यता, ऐच्छिक. ते 1985 पासून दिलं जातं. मिळालं की 5 वर्षं चालतं, पण दरवर्षी अहवाल द्यावा लागतो. मानकं 10 आहेत: मुलांशी नातं, अभ्यासक्रम, आरोग्य, कर्मचारी, पालक, व्यवस्थापन वगैरे. पहिला टप्पा सेल्फ-स्टडीचा, म्हणजे सेंटरने स्वतःच स्वतःला मानकांवर तपासण्याचा, आणि खरा कस तिथेच लागतो.

बहुतेक जण सुरुवात फाइलपासून करतात. आमच्या मते आधी मुलं मोजा. न्यू जर्सीच्या लायसन्सला तीन वर्षांच्या 10 मुलांमागे एक मोठं माणूस पुरतं. एनएईवायसीला 9 मुलांमागे एक लागतं, आणि एका गटात जास्तीत जास्त 18 मुलं चालतात. म्हणजे 20 मुलं आणि दोन शिक्षिका असा वर्ग राज्याच्या हिशेबात बसतो, इथे मात्र दोन मुलांच्या फीवर पाणी सोडावं लागतं. चार वर्षांच्या वर्गाला 10 मागे एक, गट 20 चा. तान्ह्यांना 4 मागे एक, गट 8 चा. हे आकडे बजेटमध्ये बसत नसतील तर पुढचं काम हाती घेऊच नये. दिवसभर जमणारं प्रमाण हमखास बिघडतं ते सकाळी उघडताना आणि संध्याकाळी बंद करताना. तेव्हा दोन खोल्या एकत्र केल्या जातात आणि गटातल्या सर्वांत लहान मुलाचं प्रमाण लावायचं राहून जातं.

मग एका खोलीत वही घेऊन गुपचूप बसा. डायपर टेबलापासून सुरुवात करा, सगळ्यात जास्त त्रुटी तिथे सापडतात. भिंतीवर पायऱ्यांचा तक्ता असतो, तो सगळ्यांना पाठही असतो. तरी मुलाला टेबलावर आडवं केल्यावर लक्षात येतं की क्रीम वरच्या फळीवर राहिलंय. घाण हातमोज्यानेच हात वर जातो, ट्यूब उचलली जाते, आणि तीच ट्यूब पुढच्या मुलाला. इथे शिस्तीपेक्षा मांडणीचा दोष मोठा. वाइप्स, डायपर, कागदावर काढलेलं चिमूटभर क्रीम, सगळं मुलाला उचलण्याआधी टेबलावर हवं. कचऱ्याचा डबा पायाने उघडणारा हवा. शेवटी मोठ्यांचे आणि मुलाचे, दोघांचेही हात धुवायचे, किमान 20 सेकंद. जंतुनाशक फवारून लगेच पुसलं तर ते काम करत नाही. बाटलीवर लिहिलेला वेळ पृष्ठभाग ओला राहायला हवा. आणि डायपरनंतर हात धुतलेल्या सिंकमध्ये फळं धुवायची नाहीत. छोट्या सेंटरमध्ये सिंक एकच असतं, तिथे प्लंबरचा खर्च आधीच धरा.

कागदपत्रांबद्दल एकच सांगणं: पॉलिसी नेटवरून उतरवून घेऊ नका. हँडबुकमध्ये 'मुलांच्या प्रगतीच्या नोंदी नियमित ठेवतो' असं वाक्य असतं, आणि नोंदी असतात फक्त दोन बोलक्या मुलांच्या. गप्प मुलाचं पान कोरंच. प्रत्येक शिक्षिकेला आठवड्याला ठरावीक मुलं वाटून द्या, म्हणजे कोणी सुटत नाही. उलटही होतं. वर्गात काम उत्तम, पण तारीख नसलेला फोटो पुरावा म्हणून पांगळाच. फोटोखाली तारीख आणि कोणत्या मुद्द्याचा पुरावा ते त्याच दिवशी लिहावं, महिन्यानंतर कोणालाच आठवत नाही.

कर्मचाऱ्यांची पात्रता ही सगळ्यात संथ बाजू. भारतातली बी.एड. किंवा इतर पदवी थेट धरली जात नाही, मान्यताप्राप्त संस्थेकडून तिचं मूल्यांकन करून घ्यावं लागतं, आणि विद्यापीठाकडून गुणपत्रिका मागवण्यातच वेळ जातो. पदवी नसेल तर सीडीए (चाइल्ड डेव्हलपमेंट असोसिएट) हे बालशिक्षकांचं प्रमाणपत्र हा सरळ रस्ता: 120 तासांचं प्रशिक्षण, 480 तासांचा कामाचा अनुभव. या प्रमाणपत्राचं दर 3 वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं, ही तारीख कुठेतरी ठळक लिहून ठेवा. प्रत्येक गटासोबत बालकांच्या प्रथमोपचाराचं चालू प्रमाणपत्र असलेलं कोणीतरी सतत हवं. ती व्यक्ती जेवायला गेली की गटात कोण उरतं, हे तपासा.

एकूण या ॲक्रेडिटेशनला आमच्याकडून पाचपैकी चार गुण. एक कापला तो कागदांच्या ढिगासाठी. भिंतीवर प्रमाणपत्र हवं एवढाच हेतू असेल तर पैसे वाचवा. काही राज्यांत ॲक्रेडिटेशन असलेल्या सेंटरला सरकारी अनुदानाचा दर जास्त मिळतो. आपल्या राज्यात तसं आहे का, हे फी भरण्याआधी विचारून घ्या.