सीसीयूत भेटीची वेळ: ठरलेली की लवचिक?

सीसीयूत, म्हणजे हृदयरुग्णांच्या अतिदक्षता विभागात, नातेवाइकांनी कधी भेटावं असं परिचारिकांना विचारलं तर बऱ्याच जणी ठरलेल्या वेळेच्या बाजूने बोलतात, म्हणजे सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा तास. कारण साधं आहे. सिरिंज पंपात (शिरेतून ठरावीक वेगाने औषध सोडणाऱ्या यंत्रात) औषध भरताना शेजारून कोणी ‘बीपी का उतरलं?’ असं विचारलं, की मात्रा चुकण्याचा धोका वाढतो. पण या पद्धतीचा एक तोटा ड्युटीच्या तक्त्यात दिसत नाही. दार उघडताच सगळ्या खाटांचे नातेवाईक एकदम आत येतात आणि उरलेला दिवस फोन वाजत राहतो. त्रास कमी होत नाही, फक्त त्याची वेळ बदलते.

लवचिक वेळेबद्दल दोन भीती असतात: संसर्ग आणि हृदयावरचा ताण. फ्लॉरेन्समधल्या 226 रुग्णांच्या अभ्यासात (2006) मोकळ्या भेटीच्या काळात खोलीतले जंतू वाढले, पण रुग्णांमधला संसर्ग वाढला नाही. हृदयाच्या गंभीर गुंतागुंती तर मर्यादित भेटीच्या काळातच सुमारे दुप्पट होत्या. ब्राझीलच्या 36 अतिदक्षता विभागांत (2019) रोज 12 तासांपर्यंत भेट दिली, तेव्हा नातेवाइकांची चिंता घटली आणि कर्मचाऱ्यांच्या थकव्यात लक्षणीय फरक पडला नाही. मात्र रुग्णांचा भ्रम, म्हणजे डिलिरियमही लक्षणीय कमी झाला नाही, तेव्हा त्या आशेवर हा निर्णय घेऊ नये.

खरी गडबड होते ती न सांगितलेल्या गोष्टींमुळे. जांघेतून अँजिओप्लास्टी झालेल्या रुग्णाला मुलगा मायेने उठवून बसवतो आणि रक्तस्राव सुरू होतो. पाण्यावर मर्यादा असताना बाटली हातात दिली जाते, आणि नोंदवहीत तिचा पत्ता नसतो. पहिल्या भेटीत पाच मिनिटं द्या: पाय सरळ, पाणी विचारून, हात धुऊन, अलार्मचं बटण दाबायचं नाही.

खाटांमध्ये नुसता पडदा असेल, किंवा एका परिचारिकेकडे दोनपेक्षा जास्त रुग्ण असतील, तर सरसकट मोकळी भेट देऊ नये. एका वेळी एकच माणूस, आणि फोनवर चौकशी करायलाही तोच. एवढ्यानेही फोन बरेच आटोक्यात येतात. बाकी ठिकाणी लवचिक वेळ बरी, पण ड्युटी बदलताना हँडओव्हरची (रुग्णांची माहिती पुढच्या पाळीला देण्याची) पहिली तीस मिनिटं आणि कुठलीही प्रक्रिया चालू असताना दार बंद. भेट थांबवायचा अधिकार खाटेजवळच्या परिचारिकेला लेखी द्या, नाहीतर प्रत्येक वेळी वाद तिलाच घालावा लागतो. सीपीआर (हृदय थांबल्यावर छाती दाबून ते चालू करण्याचे प्रयत्न) चालू असताना नातेवाइकाला आत राहू द्यायचं असेल, तर त्याच्याजवळ उभं राहायला एक मोकळा कर्मचारी हवा. तो नसेल तर तसा शब्द देऊ नका.