मदरबोर्ड बदलला, डेटा जसाच्या तसा राहिला! लॅमिंग्टन रोडचा अनुभव

माझ्या कॉम्प्युटरचा एच६१ मदरबोर्ड गेला, त्यावर इंटेलचा तिसऱ्या पिढीचा आय५ प्रोसेसर होता. आधी दोन दुकानांत सांगितलं की सगळं फॉरमॅट करावं लागेल, आणि माझं दहा वर्षांचं काम त्या डिस्कवर, म्हणून मी खरंच घाबरलो होतो. मग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या एका छोट्या गाळ्यात गेलो. तिथल्या दादांनी आधीच स्पष्ट सांगितलं, तसाच जुना बोर्ड मिळेल पण सेकंडहँड, आणि विंडोज ११ त्या प्रोसेसरला चालणार नाही, विंडोज १०चा सपोर्ट तर ऑक्टोबर २०२५ मध्येच संपलाय. म्हणून नवा एच६१० बोर्ड, आय३ १२१०० प्रोसेसर आणि डीडीआर४ रॅम घेतली, जुनी डीडीआर३ रॅम त्यात बसत नाही.

जोडल्यावर डिस्क बूटच होईना! जुनं विंडोज एमबीआर (जुन्या मांडणीच्या) डिस्कवर लिगसी मोडमध्ये, म्हणजे बूट व्हायच्या जुन्या पद्धतीने टाकलेलं आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर या प्रोसेसरवर फक्त यूईएफआय ही बूटची नवी पद्धतच चालते. दादांनी आधी पूर्ण बॅकअप घेतला, मग विंडोजच्याच एमबीआरटूजीपीटी टूलने त्याच डिस्कची मांडणी जीपीटी या नव्या प्रकारात बदलली, बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंग्जमध्ये) टीपीएम, म्हणजे विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची सोय, चालू केलं आणि माझ्यासमोर विंडोज ११ ला अपग्रेड केलं. एक फाईल गेली नाही, मला तर रडूच आलं.

विंडोजचं लायसन्स मात्र नवं घ्यावं लागलं, माझं ओईएम (कॉम्प्युटरसोबतच आलेलं) होतं, ते जुन्या बोर्डाशीच बांधलेलं असतं, हेही त्यांनी पैसे घ्यायच्या आधी सांगितलं. फक्त शनिवारी जाऊ नका, गर्दीत तीन तास उभं राहावं लागतं.