मोनोच घ्या, कव्हरचा कोपरा आधी बघून

दादरच्या एका गल्लीतल्या दुकानातून पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा पहिला अल्बम घेतला, 'द पायपर ॲट द गेट्स ऑफ डॉन'. २०१८ साली पुन्हा निघालेली मोनो रेकॉर्ड, म्हणजे दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज; स्टीरिओत डावीकडे एक, उजवीकडे दुसरा. दुकानदार काका म्हणाले, "सीलबंद आहे, डोळे मिटून घ्या." मी खरंच मिटले. घरी येऊन बघतो तर कव्हरचा कोपरा चांगला दोन बोटं दुमडलेला. फोन केला तर म्हणतात, "अहो, गाणी काय कोपऱ्यात असतात का?" बदलून देणं दूरच, शंभर रुपयेही सोडले नाहीत. दुकानाला पाचपैकी दोन तारे, तेही पंखा आणि पाणी मिळालं म्हणून.

रेकॉर्ड मात्र खणखणीत. मी बावीस वर्षं नाटकांना साउंड देतोय. एखादा आवाज एकाच बाजूच्या स्पीकरवर सोडला की पलीकडच्या खुर्च्यांना तो पोचतच नाही, म्हणून मला मोनोचं वावडं नाही. आणि हा अल्बम आला त्या १९६७ साली ब्रिटनमध्ये बहुतेक घरांत मोनोच वाजायचं. त्यामुळे बँडची आणि निर्मात्याची मेहनत मोनो मिक्सवर, म्हणजे सगळे आवाज मोनोसाठी एकत्र जुळवण्यावर पडली, स्टीरिओ नंतर उरकलं.

निर्माता नॉर्मन स्मिथ, आधी बीटल्सचा रेकॉर्डिस्ट. लंडनच्या ॲबी रोडवरचा ईएमआय या रेकॉर्ड कंपनीचा स्टुडिओ, आणि त्याच दिवसांत शेजारच्या खोलीत बीटल्स त्यांचा 'सार्जंट पेपर' अल्बम करत बसलेले! मशीन चार ट्रॅकचं, म्हणजे टेपवर वेगवेगळे आवाज भरायला चारच पट्टे. चारही भरले की ते एकत्र करून दुसऱ्या टेपवर उतरवायचे, तेव्हा कुठे पुढच्या वाद्याला जागा. एकदा उतरवलं की आतलं काही सुटं करता येत नाही. आजच्या पोरांना लॅपटॉपवर दोनशे ट्रॅक पुरत नाहीत.

स्टेजवर पिंक फ्लॉइडवाले एकेक तुकडा मनसोक्त लांबवायचे. स्मिथला आटोपशीर गाणी हवी होती. तरी 'इंटरस्टेलर ओव्हरड्राइव्ह' पावणेदहा मिनिटांचं राहिलंच. एकदा वाजवलं, मग त्याच्यावर पुन्हा तेच वाजवून चढवलं. मोनोमध्ये हे दोन थर एकमेकांत असे रुततात की गिटारची भिंतच अंगावर येते. गाण्याच्या शेवटी स्टीरिओत आवाज या कानातून त्या कानात झोके घेतो, ती मजा इथे नाही, हे कबूल.

पहिली बाजू लावली की आधी ग्रहांची नावं ऐकू येतात. त्यांचा मॅनेजर पीटर जेनर भोंग्यातून वाचतोय. आमच्या नाटकात सूत्रधाराचा आवाज असाच भोंग्यातून घेतला होता, दिग्दर्शकाने दुसऱ्या प्रयोगाला काढून टाकला. असो.

अकरापैकी आठ गाणी बँडचा गायक-गिटारवादक सिड बॅरेट याची एकट्याची. पुढच्याच वर्षी तो बँडमधून गेला. 'बाईक' या गाण्याच्या शेवटी घड्याळं, घंटा आणि मग बदकासारखा कलकलाट सुरू होतो. रात्री साडेअकराला तो वाजला आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंनी दार ठोठावलं. "अरे, काय पाळलंयस घरात?"