भंडारदऱ्याच्या काठावर नेट: राउटर, अँटेना आणि एक बांबू

२० जानेवारीला दुपारी मी मुतखेलच्या बाजूला, भंडारदऱ्याच्या पाण्यासमोर सतरंजी टाकून तीन पार्ट्यांचं, म्हणजे माझ्या ग्राहकांचं, थ्री-बी (जीएसटीचं महिन्याचं रिटर्न) भरलं. माझं काम करसल्लागाराचं. डिसेंबरच्या जीएसटीची ती शेवटची तारीख होती आणि नवऱ्याची नाशिकच्या अंबडमधल्या कंपनीतली सुट्टी नेमकी त्याच दोन दिवसांची. पण नेटचा हा सगळा खटाटोप मी कामासाठी केला नाही. इंदिरानगरच्या घरी सासूबाई एकट्या असतात, वय ७८. गेल्या हिवाळ्यात आम्ही घाटघरला मुक्कामी होतो, फोनला रेंज नव्हती. सकाळी धरणाजवळच्या शेंडी गावात आलो आणि त्यांच्या अकरा मिस्ड कॉलचे मेसेज एकामागोमाग आले. रात्री इन्व्हर्टर बंद पडला होता आणि त्या अंधारात बसून होत्या, बाकी बऱ्या होत्या. पण त्यांना परत फोन लावून तिकडून आवाज येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. त्याच दिवशी ठरवलं, याचा बंदोबस्त केल्याशिवाय पुन्हा तंबूत झोपायचं नाही.

महात्मा गांधी रोडवरून तीन वस्तू आणल्या. सिम टाकायचा ४जी राउटर ४,२०० रुपयांना, बाहेर लावायचा, एकाच दिशेचा सिग्नल पकडणारा अँटेना २,८०० ला आणि १२ व्होल्टचा मिनी यूपीएस, म्हणजे वीज नसताना राउटर चालवणारी छोटी बॅटरी, १,६०० ला. ब्रँड मुद्दाम लिहीत नाही, कारण याच घडणीचे राउटर बऱ्याच कंपन्यांचे मिळतात आणि घेताना नावापेक्षा दोन गोष्टी तपासायच्या असतात. पहिली, मागचे दोन्ही अँटेना फिरकीने निघतात का. ते निघाले तरच बाहेरचा अँटेना जोडता येतो. दुसरी, खोक्यावर कोणते बँड, म्हणजे सिग्नलच्या फ्रिक्वेन्सीचे पट्टे, लिहिलेत. जिओची ४जी बँड ३, ५ आणि ४० वर चालते. त्यातला ५ म्हणजे ८५० मेगाहर्ट्झ, आणि डोंगराळ भागात खरा आधार त्याचाच, कारण फ्रिक्वेन्सी जितकी खाली तितका सिग्नल लांब पोचतो. बीएसएनएलच्या ४जीसाठी बँड २८ लागतो, तो ७०० मेगाहर्ट्झचा, आणि बऱ्याच स्वस्त राउटरमध्ये नेमका तोच नसतो. मी तो असलेला शोधून घेतला, पाचशे रुपये जास्त गेले. सप्टेंबर २०२५ मध्ये बीएसएनएलच्या स्वदेशी ४जीचं उद्घाटन झालं, तेव्हापासून आदिवासी पट्ट्यात जाताना ते सिम मी सोबत ठेवतेच.

एका दुकानात मला 'बूस्टर' दाखवला, खिडकीत लावा आणि विसरा म्हणाले. तो घेऊ नका. सिग्नल पकडून पुन्हा हवेत फेकणारं यंत्र दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय लावणं बेकायदेशीर आहे, आणि त्याच्या गोंधळाने आजूबाजूच्या गावकऱ्यांचे कॉल तुटतात. आपण दोन दिवसांचे पाहुणे, त्यांना तिथेच राहायचंय. राउटरला तारेने जोडलेला अँटेना ही वेगळी गोष्ट आहे, तो फक्त आपल्या राउटरचा कान मोठा करतो.

आता प्रत्यक्षातलं. तंबूत फोनच्या सिम स्टेटसमध्ये सिग्नल उणे ११९ डीबीएम दिसत होता. हा आकडा शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ९० ला काम झकास चालतं, उणे ११५ च्या खाली व्हॉट्सअॅपचा साधा मेसेजही घड्याळ दाखवत बसतो. राउटर नुसता सतरंजीवर ठेवला तर उणे ११३. मग अँटेना बांबूला बांधून १० मीटर केबलने तंबूत आणला, आणि आकडा हलायला तयार नाही! तासभर मी अँटेना इकडेतिकडे फिरवत राहिले, नवऱ्याने बांबू धरून धरून खांदा दुखवून घेतला.

चूक केबलची होती. दुकानदाराने दिलेली बारीक केबल दर मीटरला जवळजवळ एक डेसिबल, म्हणजे त्या आकड्यातला एक, खाते, म्हणजे १० मीटरमध्ये अँटेनाने कमावलेलं सगळं वाटेतच संपलं. विकताना हे सांगायला हवं होतं आणि माझी या खरेदीबद्दलची खरी तक्रार एवढीच आहे. लांब केबल काढून टाकली, राउटरच्या दोन्ही अँटेनांच्या जागी एकेक मीटरचा तुकडा जोडला, राउटर आणि मिनी यूपीएस पोळ्यांच्या प्लॅस्टिकच्या डब्यात घालून डबाच बांबूला बांधला. तंबूपर्यंत वाय-फाय आरामात येतं, तिथे केबल हवीच कशाला? अँटेना माशाच्या काट्यासारखा असतो, त्याचं अरुंद टोक टॉवरकडे करायचं. टॉवर कुठल्या अंगाला आहे हे सेलमॅपरवर, म्हणजे मोबाइल टॉवर नकाशावर दाखवणाऱ्या साइटवर, घरूनच पाहून ठेवलं होतं. शेंडीच्या दिशेला पाण्यावरून थेट मोकळं होतं. हळूहळू, एका वेळी दोन बोटं फिरवत, दर वेळी मिनिटभर थांबत आकडा पाहिला. उणे १०२. दर १० डेसिबलला सिग्नलची ताकद दहापट होते, म्हणून हा फरक दिसतो त्याहून कितीतरी मोठा.

वेग ६ ते ८ एमबीपीएस मिळाला. जीएसटी पोर्टलला तेवढा पुरतो, तिथे वेगापेक्षा न तुटणं महत्त्वाचं, नाहीतर पुन्हा लॉगिनपासून सुरुवात. ओटीपी पार्टीच्या मोबाइलवर गेला, तिने व्हॉट्सअॅप कॉलवर वाचून दाखवला, रिटर्न गेलं.

सासूबाईंना व्हॉट्सअॅप जमत नाही, त्या साधा फोन लावतात. म्हणून माझ्या फोनच्या सेटिंगमध्ये वाय-फाय कॉलिंग चालू केलं. राउटरमधलं सिम दुसऱ्या कंपनीचं असलं तरी माझ्या नेहमीच्या नंबरवर त्यांचा कॉल आला. "अगं, थंडी आहे का तिकडे? मफलर घातलास का?" मी उठून पाण्याकडे तोंड करून बोलत राहिले, आणि बोलता बोलता डोळे भरून आले.

मिनी यूपीएस पाच तास टिकला, विकणाऱ्याने आठ सांगितले होते. रात्रभरासाठी १२ व्होल्ट देणारी मोठी पॉवर बँक लागेल, ती पुढच्या महिन्यात घेणार आहे. या खेपेला रात्री नेट गेलं ते मात्र वेगळ्या कारणाने. दोनच्या सुमाराला राउटर चालू, बॅटरी दुसऱ्यांदा गाडीवर भरलेली, पण सिग्नलच नाही. सकाळी तंबूवाले काका म्हणाले, "ताई, गावातली लाइट संध्याकाळपासून गेली, टॉवरची बॅटरी किती येळ टिकनार?" यावर आपल्याकडे इलाज नाही. म्हणून आता निघताना घरी दोन गोष्टी सांगून जाते: रात्री फोन लागला नाही तर घाबरू नका, आणि शेजारच्या वहिनींकडे किल्ली आहे.

गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला यातलं काहीच लागत नाही, तिथे साधा हॉटस्पॉट चालतो. वैतरणेला अँटेनाने चांगली साथ दिली. हरिहर गडाच्या पायथ्याशी, निरगुडपाड्याला, टॉवर आणि आपल्यामध्ये डोंगर आला की आकडा थोडाही सरकला नाही. शंभर पावलं उघड्या माळावर गेल्यावर सरकला. जिथे मुळात शून्य आहे तिथे २,८०० रुपये घालू नका, तंबूची जागा बदला.

निघायच्या दिवशी काकांची मुलगी मोबाइल घेऊन बांबूखाली आली. अकरावीत आहे, तिचा महाडीबीटीचा शिष्यवृत्तीचा अर्ज उत्पन्नाच्या दाखल्याच्या अपलोडवर चार दिवस अडकला होता. मी दाखल्याचा फोटो लहान करून दिला, तिने तो चढवला आणि अर्ज सबमिट झाल्याचं पान पुन्हा पुन्हा उघडून पाहिलं. आम्ही अँटेना सोडून घेतला, बांबू तिथेच ठेवला आणि शेंडीची दिशा लक्षात राहावी म्हणून बुंध्याशी दोन दगड मांडले. तसलाच अँटेना कुठे मिळतो ते काकांनी वहीत लिहून घेतलंय, आणि केबल एकच मीटर, हेही.