अकरा वर्षांच्या लेकीसाठी घेतलेला ट्रिमर : आठ महिने वापरून झाल्यावर

मागच्या मे महिन्यात जळगावात पारा ४४-४५ ला टेकला होता आणि माझी लेक घरातसुद्धा घोट्यापर्यंत लेगिंग घालून बसायची. कूलरसमोर बसून पोटऱ्यांवर घामोळं आलं, तरी बदलेना. "मला असंच आवडतं" एवढंच उत्तर. मी म्हटलं, वय आहे, आवडनिवड बदलत असेल.

मग एका दुपारी ती बाथरूममधून अर्धा तास झाला तरी बाहेर येईना. दार उघडलं तेव्हा टॉवेलला रक्त लागलेलं होतं आणि कठड्यावर तिच्या पप्पांचा रेझर. नडगीवर करंगळीच्या पेराएवढी कातडी निघाली होती. तिथे हाडावर मांस नसतंच, त्यात तिने रेझर कोरडाच ओढलेला. ना पाणी, ना साबण. रडत रडत तिने सांगितलं, की जानेवारीत वर्गातली एक मुलगी म्हणाली होती, "तुझे पाय तर पोरांसारखे आहेत." जानेवारी ते मे. पाच महिने हे पोरीने पोटात ठेवलं आणि मला पत्ता नाही. जखम आठवड्यात भरली, पण ते पाच महिने मला अजून टोचतात.

केस काढायला गेली म्हणून मी रागावले नाही. रेझरबद्दल मात्र स्पष्ट सांगितलं, की घरातलं माणूस असलं तरी दुसऱ्याचं पातं अंगाला लावायचं नाही. हिपॅटायटिस बी सारखे आजार रक्तातून जातात, आणि पात्यावर रक्त आहे हे डोळ्यांना दिसेलच असं नाही.

पहिला उपाय म्हणून मी माझंच केस काढायचं क्रीम तिच्या हाताला लावलं. ही चूक माझी. मनगटाजवळ थोडंसं लावून २४ तास थांबायचं असतं, ते मी केलं नाही. पाच मिनिटांत आग सुरू झाली आणि रात्रीपर्यंत हात लालबुंद. दुसऱ्या दिवशी त्वचेच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी समजावलं, की या क्रीममधलं थायोग्लायकोलेट केसातलं केराटिन विरघळवतं, आणि केराटिन आपल्या कातडीच्या वरच्या थरातही असतं. मोठ्या माणसाला जे सोसतं, ते लहान कातडीला सोसेलच असं नाही.

त्या भेटीचा खरा उपयोग दुसराच झाला. डॉक्टरांनी आधी विचारलं, केस कधीपासून वाढले, हातापायांवरच आहेत की हनुवटीवर, छातीवरही आहेत, आणि अचानक वाढले का. मुलींमध्ये ८ ते १३ या वयात शरीर बदलायला लागतं. आठच्या आधी ही लक्षणं दिसली, किंवा केस एकदम जाड आणि भराभर यायला लागले, तर तपासणी हवी. हिचं तसं काही नव्हतं. माझ्या पोटऱ्या अशाच, माझ्या आईच्याही अशाच. ते ऐकून लेक माझ्या पायांकडे बघत राहिली. आईचे पाय आपल्यासारखेच आहेत हे तिला माहीतच नव्हतं, कारण मी दर महिन्याला पार्लरला जाऊन वॅक्स करून येते आणि घरी त्याबद्दल कधी बोलत नाही.

वॅक्स इतक्यात नको आणि लेझर तर वाढीच्या वयात नकोच, असं डॉक्टर म्हणाले. मुलीलाच हवं असेल तर ट्रिमर, कारण त्याचं पातं जाळीच्या आत फिरतं, थेट कातडीला लागत नाही.

शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात फुले मार्केटमधून ७०० रुपयांच्या आसपासचा घेतला. कंपनीचं नाव लिहीत नाही, या घडणीचे बरेच मिळतात. लांबी माझ्या तळहाताएवढी, सोबत दोन कंगवे, एक ब्रश आणि चार्जिंगची वायर. दीड तास चार्ज केला की पाऊण तास चालायचा. आवाज बारीक, टेबल फॅनसारखा. हे महत्त्वाचं आहे, कारण पहिल्यांदा ती आवाजालाच घाबरली होती. आधी मी माझ्या हातावर फिरवून दाखवला, मग तिच्या एका पायावर. दुसरा पाय तिने स्वतः केला. खाली जुना पेपर अंथरला होता, त्यावर लव पडत होती, इतकी बारीक की श्वासाने उडत होती. घोट्याकडून गुडघ्याकडे, म्हणजे केसांच्या उलट दिशेने, हलक्या हाताने फिरवायचा. दुसऱ्या हाताने कातडी जरा ताणून धरायची. गुडघा दुमडून घ्यायचा, नाहीतर वळ्यांमध्ये केस राहतात. अंग पूर्ण कोरडं हवं आणि तेल आधी लावायचं नाही. नंतर साधं गार पाणी आणि खोबरेल. त्या दिवशी दिवे लागले तरी ती पायांवरून हात फिरवत बसली होती.

आठ महिन्यांत एकदाही कापलं नाही, एकदाही पुरळ आलं नाही. एवढ्यासाठीच मी याला चांगला म्हणेन.

आता तक्रारी. वॅक्ससारखा गुळगुळीतपणा याने येत नाही, अगदी बारीक खुंट राहतात. चौथ्या-पाचव्या दिवशी खाज सुटते, आणि जानेवारीच्या कोरड्या थंडीत ती जास्तच जाणवली. घोट्याच्या हाडाभोवती चार वेळा फिरवावा लागतो. ओठावरच्या लवेसाठी याचं तोंड फार रुंद आहे, तिथे वापरू नका. सहा महिन्यांनी बॅटरी उतरली, आता वीस-पंचवीस मिनिटांत धाप टाकतो, आणि लाइट गेलेली असली की दोन दिवस पुढे ढकलावं लागतं. पात्याचं डोकं धुता येतं असं खोक्यावर लिहिलं आहे, पण आमच्याकडे बोअरचं क्षाराचं पाणी. दोन महिन्यांत जाळीवर पांढरा थर बसला आणि पातं केस ओढायला लागलं. तेव्हापासून धुणं बंद. कोरड्या ब्रशने झाडते, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब देते आणि पुसून ठेवते. सुटं पातं दुकानात मिळालं नाही, ऑनलाइन मागवलं, २५० रुपये आणि अडीच आठवडे.

सगळ्यात जास्त ऐकावं लागलं ते "केस जाड येतील" हे. श्रावणात कानबाईच्या सणाला गावी सगळे जमलो होतो. रोटांसाठी पीठ मळता मळता चुलत सासूबाईंचं लक्ष हिच्या पायांकडे गेलं. "वस्तरा लावा ते केस जाडा येतस, माय," म्हणाल्या. लहानपणी डाळीच्या पिठाच्या गोळ्याने नीट चोळलं असतं तर ही वेळ आली नसती, असंही झालं. त्या मायेनेच बोलत होत्या. माझ्या आईनेही मला हेच सांगितलं होतं, आणि मीही वर्षानुवर्षं तेच खरं मानलं. पण केसाचं मूळ कातडीच्या आत असतं, बाहेरचा केस निर्जीव. वरून कापल्याचं मुळाला कळत नाही. न कापलेल्या केसाचं टोक निमुळतं असतं, कापलं की ते बोथट होतं, म्हणून हाताला खरखरीत लागतं. अमेरिकेत मिल्ड्रेड ट्रॉटर या बाईंनी १९२८ मध्येच पुरुषांच्या दाढीवर हे तपासलं होतं, केस जाडही झाले नाहीत आणि लवकरही वाढले नाहीत. माझ्या लेकीचं सांगायचं तर, सहामाहीच्या परीक्षेत तीन आठवडे ट्रिमर लावला नाही, तेव्हा आली ती आधीसारखीच मऊ लव.

एक गोष्ट आयांना कळवळून सांगते. ट्रिमर घ्या, शिकवा, पण कधी लावायचा हे तिला ठरवू द्या. डिसेंबरात भाच्याच्या हळदीला निघताना मी सहज बोलून गेले, "पाय करून घे ना गं, फ्रॉक घालणार आहेस." तिचा चेहरा उतरला. "मम्मी, खरंच वाईट दिसतात का?" वर्गातल्या त्या मुलीने जे केलं तेच मी केलं होतं, आणि मी तर तिची आई. जवळ घेऊन सांगितलं, की वाईट दिसत नाहीत, माझं चुकलं. त्या दिवशी तिने ट्रिमर लावला नाही आणि फ्रॉकच घातला. तेव्हापासून मी या विषयावर स्वतःहून एक शब्द काढत नाही. तिने मागितला तर चार्ज करून देते.

वर्गशिक्षिकांना मी ऑगस्टमध्ये भेटले. कोणाचं नाव न घेता त्यांनी वर्गात वाढत्या वयातल्या बदलांवर एक तास घेतला, मुलं-मुली दोघांनाही बसवून. त्यानंतर चिडवणं थांबलं, असं लेक म्हणते.

जानेवारीच्या शेवटी तिची खो-खोची तालुका स्पर्धा होती. हाफ पँट, उघड्या पोटऱ्या, लाल माती. तीन आठवडे तिने ट्रिमर मागितला नव्हता. ऐनवेळी लागेल म्हणून मी तिच्या बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात गुपचूप ठेवून दिला. संध्याकाळी आली ती गुडघे खरचटलेले, पाय मातीने माखलेले, आणि दारातूनच सांगायला लागली की शेवटच्या डावात तिने तीन गडी बाद केले. रात्री बॅग रिकामी करताना ट्रिमर होता तसाच निघाला, टोपणसुद्धा काढलेलं नव्हतं. आता तो फडताळात आहे. अडीच आठवडे वाट बघून मागवलेलं नवीन पातं अजून पाकिटातच आहे.