बुकलेट आणि पान एकाच खणात: आठ महिने वापरल्यावर

चतुर्थीच्या साफसफाईत माळ्यावर मोठ्या काकांची पत्र्याची पेटी सापडली. काका बोटीवर होते आणि उतरतील त्या बंदरातल्या पोस्टातून तिकिटं आणायचे. पेटीत सुटी तिकिटं थोडी, बुकलेटं (कव्हरात बांधलेल्या तिकिटांच्या पानांच्या छोट्या पुस्तिका) जास्त, तीही बहुतेक ब्रिटिश आणि अमेरिकी. वेंगुर्ल्यात ती दाखवायची तरी कोणाला? म्हणून संग्राहकांच्या एका खरेदी-विक्रीच्या साइटवर खातं उघडलं. आठ महिने रोज रात्री तासभर ती वापरतोय.

चांगलं आधी सांगतो. प्रत्येक नोंदीत स्कॉट, गिबन्स आणि मिशेल या तिकिटांच्या तिन्ही कॅटलॉगांतल्या क्रमांकांना वेगळी जागा आहे. याचा मला फार उपयोग झाला. गिबन्समध्ये बुकलेटाच्या क्रमांकाआधी एसबी असतं, मिशेलमध्ये एमएच. स्कॉटमध्ये सुट्या पानाला मूळ तिकिटाच्या क्रमांकापुढे लहान अक्षर जोडतात, आणि अख्ख्या अमेरिकी बुकलेटाला बीके लावून वेगळा क्रमांक देतात. म्हणजे नुसता क्रमांक पाहिला तरी समोरचा अख्खं बुकलेट विकतोय की त्यातलं एक पान, ते कळतं.

पण बरेच विक्रेते क्रमांक भरतच नाहीत, आणि साइटने 'बुकलेट आणि पेन' असा एकच खण ठेवलाय. पेन (इंग्रजी pane) या शब्दाचे अर्थच दोन आहेत. एक, बुकलेटातलं चार-सहा तिकिटांचं पान. दुसरा, पोस्टात विक्रीला जाणारा ताव. अमेरिकेत ४०० तिकिटांचा मोठा ताव छापून त्याचे १००-१०० चे चार भाग करत, त्या प्रत्येक भागालाही पेनच म्हणतात. त्यामुळे सहाचं पान शोधायला जावं तर शंभराचे ताव पुढे येतात. भर म्हणून मिनिएचर शीटही (एक किंवा मोजक्याच तिकिटांचा, भोवती रुंद कड असलेला छोटा ताव) लोक इथेच टाकतात. आपल्याकडची पहिली मिनिएचर शीट १९७३ च्या इंडिपेक्स या तिकीट प्रदर्शनाची. तिचा बुकलेटाशी काही संबंध नाही.

मलाही याचा फटका बसला. मी एक सुटं पान विक्रीला लावलं, घेणाऱ्याला ते कव्हरासकट बुकलेट वाटलं. पैसे परत केले. तेव्हापासून मथळ्यातच लिहितो: अख्खं की सुटं, पानं किती, प्रत्येकावर तिकिटं किती, कव्हर आहे का, कोणत्या कडांना दाते (तिकीट फाडण्यासाठीच्या छिद्रांमुळे उरणारे) नाहीत.

आणखी एक. उलट्या जलचिन्हाचं (कागदातच असलेली, उजेडात धरल्यावर दिसणारी खूण) ब्रिटिश तिकीट 'दुर्मीळ' म्हणून दिसलं तर थांबा. बुकलेटांसाठी छापलेल्या तावात निम्मी पानं उलटी असत, त्यामुळे बुकलेटातून आलेल्या अनेक तिकिटांवर जलचिन्ह उलटंच असतं.

स्थितीसाठी साइटवर फक्त 'उत्तम, चांगली, साधारण' एवढंच आहे. कोकणात राहणाऱ्याला ते पुरत नाही. खाऱ्या हवेने स्टेपल गंजतात, गंज पानाच्या कोऱ्या कडेत उतरतो. पावसात गोंद सुटून पानं एकमेकांना चिकटतात. मी स्टेपल काढत नाही, काढली की बुकलेट अख्खं राहत नाही. गंजाचा जवळून काढलेला फोटो मात्र नोंदीत पहिला लावतो.

पाचापैकी साडेतीन तारे. पान, ताव आणि बुकलेट असे तीन खण केले तर उरलेला दीडही देईन. पेटीतली एक पट्टी अजून लावलेली नाही. तिच्या समोरासमोरच्या दोन कडा सरळ, बिनदात्यांच्या आहेत, म्हणजे ती बुकलेटातली नसून गुंडाळीतली (लांब पट्टी गुंडाळून विकलेल्या तिकिटांतली) असावी.